अक्षर बिघडलें तर—

शाळेंत वळणदार अक्षराचें मोठें कौतुक होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु कालपर्यंत ज्याचें अक्षर मोत्यांसारखें होतें, अशा विद्यार्थ्याचें अक्षर हळूहळू किरटें व वांकडें होऊं लागलें, तर आपण काय करितों? शिक्षक रागावतात, आईबाप हलगर्जीपणाचा दोष देतात, आणि घरांतील वडील माणसें दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओंवाळतात. ह्या तिघांनाही बहुधा न सुचणारी एक गोष्ट वाचकांपुढें मांडावी, एवढ्यासाठींच हा लेख.

विल्सनचा रोग ह्या नांवाचा एक विकार आहे. तो विरळा, सुमारें ३०,००० माणसांत एकाला होणारा. अन्नांतून आपल्या शरीरांत थोडें तांबें जातच असतें. निरोगी माणसाचें यकृत जरुरीपुरतें ठेवून बाकीचें पित्तावाटें बाहेर टाकतें. ह्या रोगांत तें बाहेर न पडतां प्रथम यकृतांत व पुढें मेंदूंत सांचत जातें. मग हात कांपतो, बोलणें जड होतें, लाळ गळते, स्वभाव चिडखोर बनतो, अभ्यासांत मन लागत नाहीं. कित्येकांना आधीं कावीळच होते. हीं लक्षणें पुष्कळदां शाळा-कॉलेजच्या वयांतच दिसूं लागतात.

१९१२ सालीं लंडन येथील डॉ. किनिअर विल्सन ह्यांनीं ह्या रोगाचें वर्णन केलें, तेव्हां त्यावर इलाज नव्हता. १९५६ सालीं डॉ. जॉन वॉल्श ह्यांनीं पेनिसिलामाइन हें औषध पुढें आणलें. तें सांचलेलें तांबें लघवीवाटें बाहेर काढतें. आतां जस्ताचीं औषधेंही आहेत. औषध जन्मभर घ्यावें लागतें हें खरें. पण तें वेळेवर सुरू झाल्यास रोगी चारचौघांसारखें आयुष्य घालवूं शकतो. उशीर झाल्यास मात्र मेंदूची हानि पुरती भरून निघेलच असें नाहीं. म्हणून माझें म्हणणें हें कीं, शिक्षा आधीं व तपासणी मागाहून, हा आपला क्रम उलटावा.

कोणी म्हणेल, असें केल्यास प्रत्येक आळशी विद्यार्थी रोगाचें निमित्त सांगेल! तें भय व्यर्थ आहे. ज्याचें अक्षर मुळापासूनच वाईट, त्याला कित्ताच पाहिजे. चांगलें होतें तें महिन्यागणिक बिघडत चाललें आणि जोडीला कंप किंवा अडखळणें आलें, तर डॉक्टर पाहिजे. रक्त व दिवसभराची लघवी तपासतात. शिवाय बुबुळाच्या कडेला तपकिरी कडें आहे काय, हें नेत्रवैद्य यंत्रानें पाहतो. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रोग्यांत तें सांपडतें.

आणखी एक. हा रोग आईबापांकडून येतो, तरी ते दोघेही स्वतः बहुधा निरोगी असतात. एकाला झाल्यास त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याचा संभव चारांत एक. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचीही तपासणी करावी; लक्षणांपूर्वींच औषध मिळालें, तर रोगाला बहुधा डोकें वर काढतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, शेजारच्या बांकावरील सोबत्याची जीभ अडखळूं लागली, तर त्याला हंसूं नका. शिक्षकांच्या कानीं घाला. आणि पालकहो, मुलांच्या जुन्या वह्या रद्दींत टाकण्यापूर्वीं यंदाच्या वहीशेजारीं ठेवून एकवार पहा.