रोग कोणत्या ढोराला लागणार?



२०२२ च्या पोळ्याच्या सुमारास अकोला-अमरावतीच्या गोठ्यांत लंपी शिरला. बैलाच्या अंगावर गाठी, पाय सुजलेले, वैरणीला तोंड नाही. सरकारने गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार जाहीर केले. त्या पैशात बैलजोडी उभी राहत नाही, हे मंत्रालयाला कोणी सांगायचे?

पण आज आम्ही वेगळे लिहीत आहोत. तेव्हा गावोगाव एकच सवाल होता. गायीला झाला, आता बकरीला होईल का? दूध पिणाऱ्या लेकराला? सवालाला उत्तर होते, पण आमच्या पारापर्यंत ते आलेच नाही. हा रोग १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, पहिल्यांदा दिसला. भारतात २०१९ साली ओडिशात आला. एवढ्या वर्षांत तो माणसाला लागलेला नाही. गायीला जोरात होतो, म्हशीला कमी. बकरीच्या देवीचा विषाणू हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. म्हणून तर बकरीची लस आपल्या बैलांना टोचली. "बकरीची लस बैलाले?" म्हणून लोक हसले, पण त्यामागे भाऊबंदकीचा हिशेब होता.

असा हिशेब आता शास्त्रज्ञ संगणकावर मांडतात. विषाणू म्हणजे किल्ली, जनावराच्या पेशीवर कुलूप. किल्ली बसली तर आत शिरतो. मात्र आत शिरला म्हणजे वाढलाच असे नाही. देवीच्या जातीचे विषाणू पुष्कळ पेशींत शिरतात, पण तिथे टिकायचे की नाही हे जनावराची आतली राखण ठरवते. म्हणून नुसते कुलूप पाहून भविष्य सांगणारा फसतो. कोरोनाच्या वेळी, २०२० साली, ४१० प्राण्यांच्या कुलपांची यादी निघाली. अमेरिकेतले हरीण त्यात वर होते, त्याला लागण सापडली. मिंक नावाचा केसाळ प्राणी खालच्या बाजूला होता, आणि डेन्मार्कमध्ये त्याचेच कळपच्या कळप मारावे लागले.

बर्ड फ्लूचेही तेच. २००६ साली नवापुरात कोंबड्या गेल्या. २०२४ साली अमेरिकेत तो दुभत्या गायींच्या कासेत निघाला. त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या त्याने नेला. आमच्या अंगणात कोंबडी, गाय आणि लेकरू एकाच सावलीला बसतात.

तेव्हा यादीवर विसंबू नका, पण यादी फेकूही नका. कुठे आधी नजर ठेवायची एवढे ती सांगते. पुढचे काम तपासणीचे. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. मेलेल्या ढोराचा, वावरात पडलेल्या रोह्याचाही नमुना तपासला जावा आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. लस पावसाआधी यावी. डास-गोचीड वाढल्यावर येऊन उपयोग काय? आणि बाजार बंद करायचाच तर कोणत्या जनावरापुरता, किती दिवस, ते हुकमात लिहा. रोग गायीला आणि बकरी विकायला बंदी, हे आम्हाला मान्य नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने गावातली लस टोचलेली ढोरे किती, केव्हा टोचली, हे कागदावर लिहून आणावे. तो कागद घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.