बेडूक ओरडतो कशासाठी?

पहिला मोठा पाऊस पडून गेला, की संध्याकाळी डबक्याकडून एकच गलका सुरू होतो. "बेडूक पाऊस मागतोय," असे जुनी माणसे म्हणतात. ही समजूत मुलांना बरोबर घेऊन तपासून पाहावी. त्याला पैसा लागत नाही. एक बॅटरी, पायांत बूट आणि थोडा धीर एवढे पुरे.

थंड देशांत वसंत ऋतू आला की बेडूक बोलू लागतात. आपल्याकडे उन्हाळाभर ते ओलावा शोधून मातीत, दगडाखाली दडून राहतात आणि पावसाने बाहेर येतात. ओरडतो तो नर. गळ्याची पिशवी फुगवून तो मादीला बोलावतो. हवेत ओलावा वाढला की काही बेडूक पावसाआधीही बोलतात. पण त्यांच्या ओरडण्याने पाऊस येत नाही. अंडी घालायला पाणी हवे, म्हणून ते पावसाच्या वेळी हाक मारतात.

अंधार पडल्यावर डबक्यापासून दहा पावलांवर उभे राहा, बॅटरी विझवा आणि गप्प बसा. जरा वेळाने आवाज वेगवेगळे कळू लागतात. जाड, घोगरा डराँव डराँव हा मोठ्या बेडकाचा. या दिवसांत त्याचा नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात. रातकिड्यासारखी मोठी किरकिर अंगठ्याच्या पेराएवढ्या बेडकाची असू शकते. लांबलचक कुर्र आवाज खरखरीत अंगाच्या बेडकाचा. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. वस्तीतल्या दिव्याखाली किडे खायला बसतो तो हाच. त्याला हात लावल्याने चामखीळ होत नाही. मात्र त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असते, म्हणून हात लागलाच तर धुवावा.

बेडकांच्या मागे दिवड साप येतो. तो बिनविषारी आहे, पण अंधारात साप ओळखता येईलच असे नाही. म्हणून गवतात शिरू नये.

पाऊस लांबला की काही गावांत बेडूक मुसळाला बांधून दारोदार धोंडी मागतात. अंडी घालण्याच्या ऐन दिवसांत तो जीव तडफडतो आणि ढग काही त्यासाठी थांबत नाहीत. परदेशात खाण्यासाठी बेडकांच्या तंगड्या पाठवल्या जात. ती निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. शेतातले किडे खाणारा हा प्राणी वाचावा, हेही त्यामागे होते. जे कायद्याने परदेशी व्यापारात थांबवले, ते आपल्या दारात आपणच थांबवायचे आहे.

यंदा मुलांना डबक्यात दगड मारू देऊ नका. किती तऱ्हेचे आवाज ऐकू आले, ते वहीत तारखेसह लिहायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच डबक्याशी उभे राहून ताडून पाहा. आवाज कमी झाले असतील, तर का झाले हे मुलेच विचारतील.