अंगण खरंच वाकडं आहे का?

दोस्तांनो, इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागून दोनेक वर्षं झाली, की एक दुखणं हमखास जडतं. पहिली गिटार घरात आली तेव्हा ती उशाशी घेऊन झोपावंसं वाटायचं. आता तिच्यात एकेक खोट दिसायला लागते. सूर टिकत नाही, आवाज पातळ येतो, तारा बोटांना टोचतात. आणि दुकानाच्या काचेमागची ती लालचुटुक गिटार स्वप्नात येते! मग दिवाळीची ओवाळणी, वाढदिवसाचे पैसे, आजीनं हातावर ठेवलेल्या नोटा, सगळं पुन्हा पुन्हा मोजून होतं आणि प्रश्न पडतो : दुसरी गिटार घ्यावी, की आहे तिच्यातच चांगले भाग बसवावेत?

प्रश्न साधा वाटतो, पण नाही बरं का! साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार. ते चुकीच्या जागी गेले तर पुन्हा साठायला वर्ष लागेल. आणि त्याहून वाईट म्हणजे नव्या गिटारवरही तोच रडका आवाज निघाला, तर 'आपल्याला जमतच नाही' असं समजून कितीतरी मुलं गिटार माळ्यावर टाकून देतात. म्हणून पैसे काढण्याआधी दुखणं नेमकं कुठं आहे ते शोधायचं. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण तुम्हाला पाठ आहे. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं! ते ओळखायचं कसं?

त्यासाठी आवाज कुठून कुठं जातो ते आधी पाहू. तुमच्या बोटांनी पोलादी तार थरथरते. तिच्याखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो. मायकेल फॅरेडेनं 1831 साली शोधलेलं हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन, दहावीच्या विज्ञानात भेटणारं! हा प्रवाह गिटारवरच्या बटणांमधून, केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि शेवटी स्पीकरमधून आवाज बाहेर पडतो. म्हणजे बोटं, तारा, पिकअप, बटणं, केबल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशी ही साखळी. यातली एक कडी कच्ची असली तरी आपण सगळा दोष गिटारवर ढकलून मोकळे होतो.

आता एक बिनखर्चाचा प्रयोग. गिटार असलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला तिच्या ॲम्प्लिफायरसकट घरी बोलवा. तुमची गिटार तिच्या ॲम्प्लिफायरला जोडा, तिची तुमच्या. मग दोघांनी दोन्ही गिटारी वाजवून पाहा. तुमची गिटार तिच्या ॲम्प्लिफायरवर छान वाजली? मग गिटार बिचारी निर्दोष आहे, पैसे ॲम्प्लिफायरसाठी ठेवा. तुमच्याच गिटारवर तुमच्याच ॲम्प्लिफायरमधून मैत्रिणीनं छान आवाज काढला? मग, राग मानू नका, रियाज वाढवा! आणि दोघांच्याही हातात, दोन्ही ॲम्प्लिफायरवर तुमची गिटार कुरकुरली, तरच तिच्याकडे वळायचं.

वळलात तरी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू नका. आधी तारा बदला. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आणि बोटांच्या घामानं तारा गंजतात, आवाज मंद होतो. नवा संच काही शे रुपयांत मिळतो. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे नीट एकाखाली एक बसवा, तार हलक्या हातानं ओढून ताणून घ्या आणि पुन्हा सुरात लावा. मानेच्या वरच्या टोकाला खाचांची जी पट्टी असते तिला नट म्हणतात. तार लावताना तिथं 'टिंग' असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. 'सूर टिकत नाही' ही तक्रार इथंच मिटते की नाही पाहा!

पुढची परीक्षा बाराव्या पडद्याची, म्हणजे बाराव्या फ्रेटची. इथं तार बरोबर निम्मी होते आणि वरच्या सप्तकातला तोच सूर ऐकू यायला हवा. मोकळी तार ट्यूनरवर अचूक लावा, मग बाराव्या पडद्यावर दाबून पाहा. सूर चढा आला तर ब्रिजवरचा त्या तारेचा छोटा ठोकळा स्क्रू फिरवून मागं न्या, उतरलेला आला तर पुढं आणा. तारा फार उंच असतील तर त्याही ब्रिजवरून खाली घेता येतात. मान वाकली असेल तर आतली पोलादी सळई फिरवावी लागते, पण ते काम जाणत्याकडूनच करून घ्या. जास्त फिरली तर मान कायमची जाते.

या साऱ्या जुळवाजुळवीला दुकानदार 'सेटअप' म्हणतात. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. सतारीची जवारी बिघडली म्हणून कुणी नवी सतार घेतं का? मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून घेतली की तीच सतार पुन्हा गोड बोलते. गिटारचंही तसंच!

एवढं करूनही मन भरलं नाही, तर मात्र भाग बदलण्याचा विचार करा. 'आवाज चांगला हवा' एवढं म्हणून भागत नाही. काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. एकेरी वेढ्यांच्या पिकअपमधून विजेची घूं घूं ऐकू येते. ती नको असेल तर हंबकर आहे. 1955 साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती घूं घूं एकमेकांकडूनच कापून टाकली. पण हंबकरचा आवाज जाड असतो, तो तुम्हाला आवडतो का ते आधी ऐका. आणि हो, बटण फिरवताना नुसती खरखर होत असेल तर पिकअपचा काही संबंध नाही. इलेक्ट्रॉनिक भाग साफ करायचा फवारा मारला की बहुधा काम होतं.

आता दोन गोष्टी ऐका. 1963 साली इंग्लंडमध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाला फेंडरची गिटार परवडत नव्हती. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार बनवायला घेतली. मान केली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, आणि स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या! दोनेक वर्षं लागली. पिकअपसुद्धा त्यानं स्वतः गुंडाळले होते, पण तार ओढताना ते विचित्र आवाज करायचे. मग तेवढेच बर्न्स कंपनीचे विकत आणले. सगळी गिटार नाही, नडत होतं तेवढंच! पुढं 'क्वीन' या बँडमध्ये, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाला याच गिटारची साथ मिळाली. 2002 साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर ब्रायन मेनं हीच वाजवली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या एडी व्हॅन हेलनची. त्याला गिब्सनचा जाड आवाजही हवा होता आणि स्ट्रॅटोकास्टरसारखा सूर हलवणारा दांडाही. त्याला हवं तसं दोन्ही एकाच गिटारीत मिळेना. मग 1970च्या दशकाच्या मध्यात त्यानं स्वस्तातलं धड आणि मान आणली आणि गिब्सनचा हंबकर त्यात बसवला. दोघांमध्ये सारखं काय? काय नडतंय ते दोघांनाही नेमकं ठाऊक होतं.

मग दुसरी गिटार कधीच घ्यायची नाही का? घ्यायची की! जे स्क्रू काढून बदलता येत नाही, ते हवं असेल तेव्हा. उदाहरणार्थ, नट ते ब्रिज ही तारेची लांबी. फेंडरच्या बहुतेक गिटारींत ती साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या बऱ्याच गिटारींत पावणेपंचवीस इंच. लांबी कमी तर तारेचा ताण कमी, पडदेही जवळजवळ. लहान हातांना हा फरक लगेच कळतो. मान पिळवटलेली असेल, वजनानं खांदा भरून येत असेल, सात तारांची गिटार हवी असेल किंवा बँडमध्ये दोन वेगळ्या सुरावटींसाठी दोन गिटारी लागत असतील, तर दुसरी घेणं शहाणपणाचं.

पैशाचा हिशेबही ऐका. भाग बदलले म्हणून जुनी गिटार विकताना त्यांचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. म्हणून काढलेले मूळ भाग डब्यात जपून ठेवा. विकायची वेळ आली तर तेच परत बसवा आणि नवे भाग, मापात बसत असतील तर, पुढच्या गिटारीला लावा. माझा ठोकताळा असा : भागांचा खर्च गिटारच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागला, की थांबायचं आणि दुसऱ्या गिटारीसाठी साठवायचं.

एक ताकीद मात्र पाळायचीच. डाग द्यायचं काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. ॲम्प्लिफायर कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा काहींच्या आत जबर दाबाची वीज शिल्लक असते. आणि त्याला तीन पिनांचाच प्लग हवा!

तर या रविवारी अदलाबदलीचा प्रयोग करा आणि वहीत तीन रकाने आखा : 'हातातलं', 'स्क्रूनं सुटणारं' आणि 'न सुटणारं'. तुमची प्रत्येक तक्रार यातल्या एका रकान्यात लिहा. पहिल्या रकान्याला पैसे लागत नाहीत, दुसऱ्याला थोडे लागतात आणि तिसऱ्यासाठी डबा भरत ठेवायचा. लाल गिटार दुकानात अजून काही दिवस थांबेल. आणि नाही थांबली तरी दुसरी येईलच की!

पुढच्या आठवड्यात तारा बदलण्याची पद्धत पायरीपायरीनं पाहू. तोवर गंजक्या तारा फेकू नका, त्यांचंही एक काम आहे!