पंधरा आमदारांचा विरोधी पक्षनेता

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. विरोधकांत सर्वांत मोठा ठरलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे आमदार होते पंधरा. सभागृहाचा एक दशांश हवा, असा हट्ट तेव्हा कोणी धरला असता तर सत्तावीस आमदार लागले असते. तसा हट्ट कोणी धरला नाही. शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७२ च्या निवडणुकीत शेकाप सात जागांवर आला, तरी दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. पुढे १९८५ च्या विधानसभेतही हेच दिसते. शरद पवार काँग्रेसमध्ये परतल्यानंतर जे विरोधक उरले, त्यांत जनता पक्ष निवडून आला होता वीस जागांवर आणि शेकाप तेरा. २८८ च्या सभागृहात एकोणतीसचा आकडा कोणाकडेच नव्हता. निहाल अहमद, दत्ता पाटील आणि मृणाल गोरे यांनी आळीपाळीने ते पद सांभाळले.

हे सगळे आपल्याच विधिमंडळात घडले आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मात्र विरोधी पक्षनेत्याचा प्रश्न निघाला की दहा टक्क्यांचा आकडा पुढे केला जातो. शिवसेनेचा ठाकरे गट वीस, काँग्रेस सोळा, राष्ट्रवादीचा शरद पवार गट दहा. एकोणतीस कोणाकडेच नाहीत. ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचे नाव दिले, पण निर्णय झाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि विधान परिषदेतले पदही रिकामे झाले. त्या डिसेंबरचे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले. विधिमंडळाच्या कामकाजावर लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहताना वाईट वाटते आणि रागही येतो.

दहा टक्क्यांची ही अट आली कुठून? लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातली ती प्रथा. कामकाज चालवायला जेवढी गणसंख्या लागते तेवढे सदस्य ज्या पक्षाकडे असतील, त्याला सभागृहात पक्ष म्हणून मान्यता द्यायची, हा तिचा आशय. बसायची जागा, बोलायचा वेळ, कार्यालयाची खोली अशा व्यवस्थेच्या गोष्टी त्यावरून ठरत. विरोधी पक्षनेत्याविषयीचा कायदा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९७७ मध्ये झाला आणि त्याच्या व्याख्येत दहा टक्के हा शब्दच नाही. विरोधकांतल्या सर्वाधिक संख्येच्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे, एवढेच तिथे म्हटले आहे. महाराष्ट्राचा १९७८ चा कायदाही याच धर्तीचा आहे.

तो १९७७ चा कायदा कोणी केला, हे विसरू नये. आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेल्या जनता पक्षाच्या नेत्यांनी तो केला. समोरच्या बाकावर विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण, ज्या सरकारने यांना तुरुंगात टाकले त्याच सरकारचे परराष्ट्रमंत्री. सूड घ्यायला याहून सोयीची वेळ कोणती असणार? तरीही त्यांनी चव्हाणांच्या पदाला कायद्याने मान, वेतन आणि कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा दिला. आपल्यावर अंकुश ठेवणारा माणूस सरकारी खर्चाने सभागृहात बसला पाहिजे, हे त्यांना तुरुंगात राहून आल्यामुळे कळले असावे.

आजही काही ठिकाणी हे कळते. २०१५ मध्ये दिल्लीच्या सत्तर जणांच्या विधानसभेत भाजपचे तीनच आमदार आले, तरी विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेतेपद मिळाले. गोव्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. चाळीसच्या सभागृहात काँग्रेसकडे तिघे उरले. दहा टक्के म्हणजे चार हवे होते. तरी युरी आलेमाव यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली आणि तिथे सरकार भाजपचेच होते. पणजीत जे जमते ते मुंबईत का जमू नये, याचे पटण्याजोगे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. लोकांनीच विरोधकांना नाकारले, आम्ही काय करणार, असे सत्तारूढ बाकांवरून सांगितले जाते. लोकांनी त्यांना सत्ता नाकारली. प्रश्न विचारण्यासाठी मात्र या तीन पक्षांचे शेहेचाळीस आमदार लोकांनीच निवडून पाठवले आहेत. शिवाय हे पद एखाद्या पक्षाची मिरवायची वस्तू नव्हे. राज्याचे माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेता असे तिघे बसतात. मान्यताप्राप्त नेता नसेल तर विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता बसवावा, असे माहिती अधिकाराच्या कायद्यातच लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांनी टक्केवारीपेक्षा माणूस महत्त्वाचा मानला.

या विषयावर मराठी मुलखात झालेले सर्वांत स्वच्छ विवेचन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांसमोर ते लोकशाही यशस्वी होण्याच्या अटींविषयी बोलले. विषमता नसणे ही पहिली अट सांगून ते लगेच विरोधी पक्षाकडे वळले. त्यांचा मुद्दा असा होता: सत्तेला नकार देण्याचा अधिकार लोकांना पाच वर्षांतून एकदा मिळतो आणि तेवढा पुरत नाही. सरकारला तिथल्या तिथे, त्याच दिवशी आव्हान देणारे कोणी तरी सभागृहात असावे लागते. इंग्लंड आणि कॅनडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी वेतन मिळते, हेही त्यांनी त्या भाषणात सांगितले. आपल्याकडे कायदा व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. वृत्तपत्रे जाहिरातींच्या उत्पन्नापायी विरोधकांपेक्षा सरकारला जास्त जागा देतात, ही तक्रारही त्याच भाषणात आहे. आम्हा पत्रकारांनी ती पुन्हा वाचावी.

बाबासाहेब हे अनुभवातून बोलत होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत ते स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकांवर बसले. समोर बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी कोकणातली खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर आले. खोत आणि कुळे यांच्यातले वैर त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, आणि त्याला कायद्याच्या कलमांत बसवण्याचे काम विरोधी बाकावरच्या एका माणसाने केले. विधेयक तेव्हा पास झाले नाही. ज्या कायद्याने खोती गेली, तो १९४९ सालचा. मोर्चाच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औद्योगिक कलह विधेयकाला सभागृहात विरोध करून बाबासाहेबांनी ७ तारखेला गिरणी कामगारांचा एक दिवसाचा संप घडवला. सभागृहात भाषण, बाहेर संघटना आणि हातात विधेयकाचा मसुदा, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. विरोधी पक्षाने काय करायचे असते, असे मला कोणी विचारले तर मी या दोन वर्षांकडे बोट दाखवतो.

दुसरे नाव मृणालताईंचे. गोरेगावच्या नळाला पाणी यावे म्हणून लढणाऱ्या, लाटणे मोर्चा काढणाऱ्या मृणाल गोरे लोकांना आठवतात. त्यांचे विधिमंडळातले काम तितके आठवले जात नाही. गर्भजल तपासून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत उघडपणे चालू झाला, तेव्हा १९८६ मध्ये त्यांनी विधानसभेत त्यावर बंदी घालणारे अशासकीय विधेयक मांडले. स्त्री-संघटना आणि डॉक्टरांचे काही गट बाहेर याच मागणीसाठी झटत होते. त्यांचा आवाज कायद्याच्या भाषेत सभागृहात आला तो या मार्गाने. सरकारने विषय हाती घेतला आणि १९८८ मध्ये स्वतःचा कायदा आणला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. अशासकीय विधेयके पास होत नाहीत, हे मलाही माहीत आहे. संसदेत आजवर अशा फक्त चौदा विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले. ती पास व्हावीत एवढ्यासाठीच कोणी मांडत नाही. अमुक प्रश्न तुमच्यासमोर ठेवला आहे, आता हो म्हणा किंवा नाही म्हणा, अशी सरकारची कोंडी त्यांनी होते आणि ती छापील नोंदीत कायमची राहते.

दि. बा. पाटील यांचेही तसेच. नवी मुंबईसाठी जमिनी जाणाऱ्या भूमिपुत्रांचा प्रश्न त्यांनी सभागृहात आणि बाहेर लावून धरला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले.

या तिघांच्या तुलनेत आजचे विरोधक कुठे आहेत, हेही बोलले पाहिजे, कारण पद मिळाल्याने काम आपोआप होत नाही. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार टाकायचा, सकाळी कॅमेऱ्यांसमोर विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरायचे आणि दुपारी सभात्याग करायचा, असा एक ठरीव क्रम झाला आहे. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विशेष जनसुरक्षा विधेयक आले. नागरिकांच्या स्वातंत्र्याशी थेट भिडणारे ते विधेयक. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या, म्हणजे लोक जागे होते. विधानसभेत ते आवाजी मतदानाने पास झाले तेव्हा उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. नंतर रस्त्यावर आंदोलने झाली, पत्रकार परिषदा झाल्या. पण कलमवार दुरुस्त्या मांडून, प्रत्येकीवर मतविभागणी मागून, मंत्र्यांना उत्तर द्यायला भाग पाडण्याची जी जागा होती ती हातची गेली. त्याच अधिवेशनात सत्तावन्न हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या होत्या. अर्थसंकल्पानंतर चार महिन्यांत एवढे पैसे कशाला लागले, याची विभागवार झाडाझडती राज्यभर गाजायला हवी होती. ती गाजली नाही.

याहून गंभीर दुखणे वेगळेच आहे. २०१४ पासून या राज्याचे तीन विरोधी पक्षनेते समोरच्या बाकावर जाऊन मंत्री झाले. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये काही आठवडे विरोधी पक्षनेते होते, मग शिवसेना सरकारात गेली. राधाकृष्ण विखे पाटील यांनी जून २०१९ मध्ये भाजप सरकारात मंत्रिपद घेतले. २ जुलै २०२३ पर्यंत अजित पवार विरोधी पक्षनेते होते आणि त्याच दिवशी ते उपमुख्यमंत्री झाले. सरकारवर टीका करण्यासाठी ज्याला लोकांनी पाठवले, त्यानेच सरकारात जाऊन बसायचे, हे एकदा चालून गेले की विरोधी बाक ही प्रतीक्षालयाची खुर्ची ठरते. तिथे बसणारा मग हातचे राखूनच बोलतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते होते. दोनदा थोड्या काळासाठी मंत्री झाले ते आपल्या पक्षासह. एरवी सगळी कारकीर्द विरोधात. दुष्काळी सांगोल्याने त्यांना अकरा वेळा निवडून दिले. विरोधात राहिलो तर मतदारसंघातली कामे होत नाहीत, असे पक्ष बदलणारा प्रत्येक जण सांगतो. त्याने सांगोल्याच्या मतदारांसमोर जाऊन ते सांगावे.

म्हणून माझ्या मागण्या दोन्ही बाजूंकडे आहेत. १९७८ च्या कायद्यात एका ओळीची दुरुस्ती करावी. सरकारात नसलेल्या पक्षांपैकी सर्वांत मोठ्या पक्षाने सुचवलेला सदस्य पहिल्या अधिवेशनातच विरोधी पक्षनेता होईल. अध्यक्षांच्या मर्जीचा आणि टक्केवारीचा प्रश्नच राहणार नाही. आजचा सत्तारूढ पक्ष उद्या वीस आमदारांवर आला तर त्यालाही ती उपयोगी पडेल. दिल्लीत तीन आमदारांवर आलेल्या भाजपने हे अनुभवले आहे. सरकारने ही दुरुस्ती आणली नाही तर विरोधकांनी ती अशासकीय विधेयक म्हणून मांडावी. त्यासाठी पद लागत नाही, एक आमदार पुरतो.

आणि चहापानाला जावे. मुख्यमंत्र्यांच्या हातात तिथेच पाच प्रश्नांचे पत्र द्यावे, त्याची प्रत वृत्तपत्रांना द्यावी आणि अधिवेशनाच्या अंतिम आठवडा प्रस्तावात त्याच पाच प्रश्नांची उत्तरे मागावीत. शेहेचाळीस आमदारांनी खाती वाटून घ्यावीत. कृषी कोणाकडे, जलसंपदा कोणाकडे, नगरविकास कोणाकडे, हे जाहीर करावे, म्हणजे विदर्भातल्या कापूस उत्पादकाला किंवा पालघरच्या आदिवासी शाळेच्या शिक्षकाला आपला प्रश्न कोणाकडे न्यायचा ते कळेल. पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील तेव्हा या शेहेचाळीस जणांनी सभागृहातच बसून राहावे आणि प्रत्येक खात्याची कपात सूचना मताला टाकायला लावावी.