मुंढव्याचं भाडं कोण भरतं?

‘बुद्धविहारात पंचशील घेणारा माणूस बिअरच्या टॅपरूममध्ये कशाला गेला?’ असा प्रश्न रहिमतपुरातल्या काही कार्यकर्त्यांनी मला विचारला. प्रश्न रास्त आहे. मी दारू पीत नाही. बावीस प्रतिज्ञांतली दारूविषयीची प्रतिज्ञा सोयीनुसार वाकवण्याचा माझा विचारही नाही. पण कोरेगाव तालुक्यातली आपली पोरं पुण्यात मुंढव्याच्या अशा ठिकाणी ग्लास धुतात, टेबलं पुसतात, दारावर उभी राहतात. त्यांना भेटायला गेलो होतो. बोलणं बिअरवर कमी आणि भाड्यावर जास्त झालं.

2009 साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि जागेवरच बिअर बनवून विकण्याचा धंदा या शहरात रुजला. हा धंदा जागा खातो. बिअर टाकीत दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त मुरते. तोवर टाकीखालच्या प्रत्येक चौरस फुटाचं भाडं चालूच असतं. भाडं वाढलं की मालक आधी ग्लासाची किंमत वाढवतो. गिऱ्हाईक कुरकुरू लागलं की माणसं कमी करतो, उरलेल्यांचे तास वाढवतो. आणि अशा ठिकाणांमुळे परिसर ‘भारी’ झाला की आसपासच्या खोल्याही महागतात. म्हणजे आपलं पोरगं भाडं दोनदा भरतं. एकदा कामाच्या जागी घामातून, दुसऱ्यांदा खोलीवर पगारातून.

शिवाय खोली मिळण्याआधी आडनाव विचारलं जातं. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात भाड्याने जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. आज काठ्या घेऊन कोणी येत नाही. ‘खोली कालच गेली’ एवढं म्हटलं की भागतं.

काहीजण म्हणतील, भाडं हा बाजाराचा मामला आहे, त्यात जात कुठे आली? जात जमिनीच्या मालकीत आहे. बाबासाहेबांनी 1928 साली महार वतनाचं विधेयक मांडलं. खोती नष्ट करण्याचं विधेयक 1937 साली मांडलं आणि 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. राबणारा एक आणि जमिनीच्या जोरावर बसून खाणारा दुसरा, हाच तो झगडा होता. ज्या मुंढव्यात आज टॅपरूम उभ्या आहेत, तिथल्याच सुमारे 40 एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर 2025 मध्ये राज्यभर गाजला. जमीन वतनाची, भाव कोटींचे, आणि वतनदारांच्या नातवंडांच्या वयाची पोरं त्याच परिसरात कॉटबेसिसवर झोपतात. याला नुसता बाजार म्हणायचं?

‘पोरांनी तिथली नोकरी सोडावी’ हा सल्ला देणं सोपं आहे. पर्यायी रोजगार न देता दिलेला असा सल्ला म्हणजे उपदेश. व्यसनाविरुद्ध बोलू या, जरूर बोलू या. पण भाड्यावर गप्प बसून नको.

करण्यासारखं पुष्कळ आहे. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे किती पोरांना ठाऊक आहे? त्याच वेळी हेही समजून घ्या, की भाडेकरूला वर्षाला 4 टक्क्यांहून जास्त वाढ न लावण्याचं जे संरक्षण आहे, ते अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वाल्याला मिळत नाही. आपली बहुतेक पोरं याच फटीत अडकलेली आहेत. ही फट बुजवा, ही मागणी चळवळीची झाली पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं मागतो, तशी शहरात राबणाऱ्या तरुणांसाठीही मागितली पाहिजेत. आणि गावोगावी वतनी जमिनींचे सातबारे काढून आज त्यांवर कोणाची नावं आहेत, ते बघितलं पाहिजे.

14 एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. आपल्या पोरांच्या पगारातून दरमहा किती रुपये घरमालकाकडे जातात, त्याचाही हिशेब एकदा मांडू या. चळवळीला पुढचा प्रश्न त्यातूनच सापडेल.

जय भीम!