मधल्या फळीतला माणूस

मी पडलो मराठीचा मास्तर. त्यामुळे फुटबॉल पाहतानाही मला व्याकरण आठवते. गोल करणारा हा वाक्यातला कर्ता. सारे क्रियापद त्याच्यामागे धावते. मधल्या फळीतला गडी म्हणजे उभयान्वयी अव्यय. मागून आलेला चेंडू घ्यावा, पुढच्याच्या पायाशी नेऊन द्यावा आणि आपण विसरले जावे!

पण वाचकहो, ह्या नियमालाही अपवाद आहे. फ्रान्सचा रोबेर पिरेस हा तो अपवाद. जन्म १९७३ चा. वडील पोर्तुगीज, आई स्पॅनिश. १९९८ च्या विश्वचषकात पॅराग्वेने फ्रान्सला जादा वेळेपर्यंत झुंजविले, तेव्हा ह्यानेच चेंडू गोलापुढे टाकला. त्रेझेगेने तो डोक्याने उतरविला आणि ब्लाँने गोल केला. २००० साली युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरला, डावीकडून मुसंडी मारली आणि चेंडू दिला. इटलीविरुद्धचा तो विजयी गोल पुन्हा त्रेझेगेच्याच नावावर लागला.

त्याला गोल करता येत नव्हते असे मात्र नव्हे. आर्सेनल संघासाठी सहा वर्षांत त्याने ८४ गोल केले. २००३-०४ च्या हंगामात तो संघ लीगचे ३८ सामने अपराजित राहिला, त्यातही तो होता. परंतु त्याचे खरे मोल कळते ते २००२ साली. मार्चमध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि विश्वचषक हुकला. मे महिन्यात संघाला लीगचा करंडक मिळाला. तो उचलण्याची त्याची पाळी आली, तेव्हा सोबत्यांनी त्याच्यापुढे वाकून मुजरे केले. थट्टाच ती, पण तिच्यात केवढी माया!

पुढे निवृत्तीतून उठून हा गृहस्थ २०१४ साली आपल्या शेजारी, गोव्यास खेळावयास आला. एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. २३ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, फातोर्ड्यावर कोलकात्याशी सामना झाला. मध्यंतरात पाहुण्या प्रशिक्षकांशी त्याची खडाजंगी उडाली आणि दोन सामन्यांची बंदी ओढवली. चाळिशी उलटली तरी अंगातली रग गेली नव्हती. रीतसर निवृत्ती त्याने जाहीर केली ती २०१६ मध्ये.

हे पुराण लावण्याचे कारण शेजारचा एक मुलगा. आमच्या बेसा भागात अजून काही प्लॉट रिकामे आहेत आणि संध्याकाळी तिथे पोट्ट्यांचा फुटबॉल चालतो. हा मधल्या फळीत खेळतो. वर्षभरात एकही गोल नाही, म्हणून वडील त्याचा खेळ बंद करून शिकवणी लावायला निघाले आहेत. मुलगा काही बोलत नाही. बूट पुसून कोपऱ्यात ठेवतो.

मी त्यांना एवढेच म्हटले, "भाऊ, एकदा मैदानावर या. गोल होण्याच्या आधी चेंडू कोणाच्या पायात होता, तेवढे बघा."

अजून ते आलेले नाहीत. दिवाळीच्या सुटीत फराळाला बोलावले आहे. आमच्या गच्चीवरून मैदान स्वच्छ दिसते.