वन्स मोर, पण रिमोटवर

या सुट्टीला काय प्लॅन? मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, लोणावळ्याचं ट्रॅफिकही अनुभवून झालं. सीरिजचा तिसरा सीझन तर एका रात्रीत संपवून डोळे लाल करून बसलात. मग एक वेगळा प्लॅन सुचवते. घरी बसून संगीत नाटक बघा. हो, तेच. ऑर्गन, शालू, पगड्या आणि दर पाच मिनिटांनी गाणं. थांबा थांबा, लगेच पान उलटू नका!

‘हे आजोबांचं डिपार्टमेंट’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं जनरल नॉलेज. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. ज्या ब्रॉडवेचे आपण एवढे गोडवे गातो, तिथलं गाजलेलं ‘ओक्लाहोमा!’ आलं १९४३ मध्ये. म्हणजे तोवर आपल्या संगीत नाटकाची साठी उलटली होती. म्युझिकल हा प्रकार आपल्याला न्यूयॉर्कहून मागवावा लागला नाही, बॉस. तो आपल्या बुधवार पेठेत तयार झाला.

आता प्रश्न असा की घरी का बघायचं, थिएटर काय वाईट आहे? अजिबात नाही. आपल्या पिंपरी-चिंचवडला नाट्यगृहांची ददात नाही. चिंचवडला रामकृष्ण मोरे, संत तुकारामनगरला अत्रे रंगमंदिर, भोसरीला लांडगे नाट्यगृह, सांगवीला निळू फुले, प्राधिकरणात गदिमा. शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनसुद्धा जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच शहरात झालं. पण घोडं अडतं ते घड्याळापाशी. नाटकवाल्यांचा मुख्य धंदा शनिवार-रविवारी, आणि आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्यांची सुट्टी गुरुवारी! माझी फ्लॅटमेट चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ती पहाटे बसस्टॉपवर उभी असते, त्यामुळे रात्री साडेनऊचा प्रयोग बाद. सेकंड शिफ्टला साडेपाचचा बाद. नाइट शिफ्टला तर ती दिवसा माणसांत नसतेच. त्यातून एखाद्या दिवशी जमलंच, तर चाकण चौकातलं ट्रॅफिक तिसरी घंटा होईपर्यंत सोडत नाही. अशा मंडळींसाठी रेकॉर्ड केलेला प्रयोग हेच नाट्यगृह. रात्री दोन वाजता पडदा उघडा, कोण विचारतंय?

जगभर हे चालतं. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून आपले प्रयोग थेट सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली. ‘हॅमिल्टन’ हे ब्रॉडवेवरचं नाटक २०१६ मध्ये स्टेजवरच शूट करून ठेवलं होतं, ते २०२० मध्ये घराघरांत पोचलं. आपल्याकडे आधी व्हीसीडी होत्या. दूरदर्शननेही नाटकं रेकॉर्ड करून दाखवली. आज त्यातलं बरंच काही नेटवर सापडतं. क्वालिटीचं मात्र आधीच सांगते. कधी एकच कॅमेरा लांबून टेहळणी केल्यासारखा उभा असतो, कधी ऑर्गन गायकापेक्षा मोठा ऐकू येतो, आणि तिसऱ्या रांगेतले एक काका अख्खा अंक खोकत असतात. मला ते काका आवडतात. त्यांच्यामुळे समोर खरीच माणसं बसली होती याची खात्री पटते.

हा नाद मला लागला तो आईमुळे. आई सांगलीला. आता सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते तिथे, खाडिलकर तिथले, देवल जवळच्या हरिपूरचे. आई-बाबा जोडीने भावे नाट्यमंदिरात जायचे. बाबा गेले आणि आईचं नाटकही थांबलं. ‘एकटीने काय जायचं गं,’ एवढंच म्हणते. मग आम्ही एक युक्ती काढली. गुरुवारी रात्री नऊला ती तिकडे, मी नि फ्लॅटमेट इकडे, फोन स्पीकरवर. ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि एकदम प्ले दाबायचं. आईकडे नेट स्लो, त्यामुळे तिचं नाटक आमच्यामागे दोन वाक्यं चालतं. आम्ही हसून झालो की ती हसते.

अशाच एका गुरुवारी ‘शारदा’ लावलं. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं नाटक. गोष्ट माहीतच असेल. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशासाठी आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न भुजंगनाथ नावाच्या पैलतीराला लागलेल्या श्रीमंत म्हाताऱ्याशी ठरवतो, आणि भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ ते जुळवून आणतो. तो दीक्षित इतका गोड बोलतो की आजचं कुठलंही विवाहमंडळ त्याला मॅनेजर करून घेईल! आम्ही दोघी त्याच्या एकेका वाक्याला लोळत होतो. बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला तो १९२९ मध्ये. त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात ते हरविलास सारडा यांच्या आडनावावरून, या नाटकावरून नव्हे. पण तीस वर्षं आधी नाटक पाहून आलेल्या घरांत यावर बोलणं झालंच असणार.

दुसरा अंक संपला. तिकडून आई काहीच बोलेना. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाली, “सगळे बोलतात गं. बाप बोलतो, दीक्षित बोलतो. तिला कुणी विचारतच नाही.”

इथे थोडी पार्श्वभूमी देते. मी अठ्ठावीसची. फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत ‘सध्या घरीच असते’. दर सोमवारी फोनवर आईकडून एक बायोडेटा येतो. उंची, पॅकेज, स्वतःचा फ्लॅट, पत्रिका जुळते. मुलाकडच्यांना आमचा फोटो आधीच गेलेला असतो. मी चिडले की आई म्हणते, “नुसता बघायला काय हरकत आहे?” यावर आमची कैक भांडणं झालीत. लेख लिहून, उदाहरणं देऊन, आवाज चढवून मी जे आईला सांगू शकले नव्हते, ते देवलांनी दोन अंकांत सांगितलं. त्या रात्री मी एक अक्षर बोलले नाही. तिसरा अंक लावला. पुढच्या सोमवारी फोन आला. “एक स्थळ आहे. तुझा फोटो पाठवू का नको? तू सांगशील तसं.” मी म्हटलं, नको. ती म्हणाली, “बरं.” बस्स. बायोडेटा बंद झाले नाहीत, गैरसमज नको! पण आता आधी विचारणा होते.

नाट्यगृहात हे झालं असतं का? कदाचित नाही. तिथे अंधारात शेजारी बसून आपण पुढे बघतो, आणि मध्यंतरात बटाटेवड्याची रांग असते. घरी पॉज दाबता येतो आणि मधेच बोलता येतं. रेकॉर्डिंगचा मला कळलेला हा सगळ्यात मोठा फायदा.

तोटाही सांगते. रिवाइंड म्हणजे वन्स मोर नव्हे. खऱ्या प्रयोगात वन्स मोर मिळाला की गायक तेच पद पुन्हा घेतो, पण वेगळं. नवी तान, नवी जागा, तबल्याशी नवी छेडछाड. रिमोटवर दहा वेळा मागे गेलात तरी तीच तान येणार. पण या ‘तीच’ची किंमत बघा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकमेकांचे तगडे स्पर्धक एका रंगमंचावर! पुढे तीनच महिन्यांत केशवराव गेले. त्या रात्रीचा एक सूरसुद्धा आपल्याकडे नाही, नुसत्या आठवणी आणि वर्णनं. उलट जानेवारी २०२२ मध्ये रामदास कामत आणि कीर्ती शिलेदार एकाच महिन्यात गेले, तेव्हा त्यांचं गाणं ऐकायला आपल्याकडे काहीतरी होतं.

तर सुरुवात कुठून करायची? आमच्या गुरुवार क्लबची यादी:

‘सौभद्र’ (१८८२): चक्क रोमँटिक कॉमेडी. सुभद्रेला हवा अर्जुन, दादा बलरामाने ठरवलाय दुर्योधन, आणि मधे उचापती करणारा कृष्ण. पदं शंभराहून जास्त, तेव्हा एका रात्री एकच अंक.

‘मानापमान’ (१९११): श्रीमंत मुलगी, गरीब शूर सेनापती. खाडिलकरांचे संवाद आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली. पॅकेज बघून स्थळ ठरवणाऱ्यांनी जरूर बघावं.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७): दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, पहिले खाँसाहेब डॉ. वसंतराव देशपांडे. २०१५ चा सिनेमा पाहिला असेल तर गोष्ट माहीत आहे, आता गाणं ऐका. माझी फ्लॅटमेट जमशेदपूरची, मराठी तिला कामापुरतं येतं. पण कट्यारला ती शिफ्टचा अलार्म लावायला विसरली!

दोन टिप्स. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, साधा का होईना हेडफोन लावा. आणि पदं पळवू नका, कारण बऱ्याचदा माणसाच्या मनातलं तो गाण्यातच सांगतो. शक्यतो निर्मात्यांनी स्वतः ठेवलेलं रेकॉर्डिंग बघा, विकत मिळत असेल तर घ्या. आणि वर्षातून एकदा तरी रजा टाकून खऱ्या प्रयोगाला जा. चार टाळ्या समोरून मिळाल्याशिवाय पुढची रेकॉर्डिंग्ज कुठून होणार?

आईने पुढच्या महिन्यात मोरे नाट्यगृहात काय आहे ते बघायला सांगितलंय. एसटीचं आरक्षण ती स्वतः करणार आहे. फक्त प्रयोग गुरुवारी असावा, अशी फ्लॅटमेटची अट आहे.